आपलेच दात, आपलेच ओठ

९ जानेवारी

बारके,

आशीर्वाद देण्यासारखं तू काही शिल्लक ठेवलेलं नाहीस, तरी मोठी बहीण म्हणून देते. फोन मुद्दामच केला नाही. फोन दिवाणखान्यात आहे, आणि तुझे भावजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून तिथे सकाळपासून चार-पाच पेन्शनर कान टवकारून बसलेले असतात. त्यांच्यासमोर मी काय ओरडून सांगू? माझी एकोणपन्नास वर्षांची बहीण लग्न करतेय म्हणून?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चेष्टा आहे. आईचं आजारपण तू वीस वर्षं काढलंस, सगळ्यांनी तुझं नाव काढलं, अशी मुलगी शोधून सापडायची नाही असं परके लोक मला सांगत होते. आई जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि ते सगळं नाव तू एका एकसष्ट वर्षांच्या विधुरापायी धुळीला मिळवायला निघालीस. बरं, ओळख कशी झाली, तर तू त्याची कवळी केलीस! अगं, लोकांची लग्नं कुणाच्या मध्यस्थीने जमतात, कुणाच्या शिफारशीने जमतात. तुझं दातांवरून जमलं. मी कुणाला काय सांगायचं?

आपल्यात असं कुणी केलेलं नाही. तुला कशाचीच पडलेली नाही, पण मला माझ्या भिंगरीची काळजी आहे. लग्नाला दोनच वर्षं झाली तिच्या. घर किती मोठं आहे, माणसं किती मानी आहेत, तू पाहिलंस. विहीणबाई तिखट बोलतात. ‘तुमच्याकडच्या बायकांना म्हातारपणी डोहाळे लागतात वाटतं’ असं त्या तोंडावर म्हणाल्या तर माझ्या लेकीने कुठे बघायचं? तुझ्या या थेरांपायी पोरीच्या संसाराला धक्का लागला तर मी तुझं तोंड बघणार नाही. हा विचार सोड, आणि सोडलास म्हणून लगेच कळव.

ताई

१६ जानेवारी

ताई,

नमस्कार. तुझ्या पेन्शनरांनाही सांग.

सव्वीस वर्षं मी डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांचे दात करतेय. या शहरात जेवढे म्हणून प्रतिष्ठित आहेत ना, त्यातले निम्मे माझ्या हातच्या दातांनी हसतात. नगराध्यक्ष भाषणात आवळतात ते दात माझे. शाळेच्या बाई पोरांवर खातात ते दातही माझेच. माझ्या फळीवर सगळ्यांची प्लास्टरची तोंडं ओळीने मांडली आहेत, प्रत्येकावर नंबर टाकून. त्यामुळे ‘लोक’ हा शब्द ऐकून मला आता भीती वाटत नाही बाई, हसू येतं.

कवळीवरून जमलं म्हणून तुला लाज वाटते, तर नीट ऐक कसं जमलं ते. हा माणूस सरकारी नोकरीत दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायचा. आम्ही त्याला काटेवालाच म्हणतो. कवळी त्याने तीनदा परत आणली. बाकीची गिऱ्हाइकं चावता येत नाही म्हणून रडतात. हा म्हणाला, “बाई, ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते.” मी म्हटलं, एकटे राहता, ऐकणार कोण? म्हणाला, “ऐकणारं कुणी नसलं म्हणून काय झालं? जे बोलायचं ते नीट बोलायचंय.” मग मी त्याला समोर बसवून पेपर मोठ्याने वाचायला लावला आणि ऐकत ऐकत पुढच्या दातांमागची बाजू घासत गेले. चौथ्या खेपेला शिट्टी गेली. पाचव्यांदा तो तरीही आला. म्हटलं, आता काय? तर म्हणे, “काही नाही, पेपर वाचायला आलो.”

एवढंच आहे. ह्यात थेरं कुठे आहेत ते मला दाखव.

आणि सगळ्यांनी माझं नाव काढलं म्हणतेस. खरंय, नाव भरपूर काढलंत. वीस वर्षांत आठ दिवस येऊन आईचं अंथरूण बदलायला मात्र कुणालाही सवड झाली नाही. तुझ्या घरात पाहुणे होते, मग नळाचं काम होतं, मग भिंगरीची परीक्षा होती. मला शाबासकी पोस्टाने यायची. फुकटात आया मिळाली की लोक फार गुण गातात.

हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात. दिसू देत की, दात बघणं हा माझा धंदाच आहे. मार्चमध्ये नोंदणी करतोय. यायचं असेल तर ये.

बारकी

२५ जानेवारी

बारके,

तुझं पत्र म्हणजे नुसता खोकल्याचा काढा. असो. आईच्या वेळी आले नाही हे मला टोचायची संधी तू सोडणार नाहीस हे माहीत होतं. माझ्यामागे घर होतं. तुझ्यामागे काय होतं, एक स्टोव्ह आणि प्लास्टरची पोती? एकटीला फटकळपणा परवडतो. घर चालवणाऱ्या बाईला गिळावं लागतं, आणि आपण गिळतो म्हणूनच चार भिंती उभ्या राहतात.

दाताच्या कण्या करून सांगते, एवढं ऐक. भिंगरीच्या नणंदेचं जमत आलंय. बावीस मार्चला मुलाकडची माणसं नक्की करायला येणार आहेत. ती माणसं फार चौकस आहेत, सुनेच्या माहेरची मावशी काय करते इथपर्यंत चौकशी करतात. नेमका त्याच महिन्यात तू बार उडवलास तर सगळं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल? माझ्या पोरीच्या. आपण एवढा समंजसपणा दाखवायला हवा. आपल्याला चारचौघांत राहायचंय. त्यानंतर तुला काय दिवे लावायचेत ते लाव, मी आडवी येणार नाही.

भिंगरीचा फोटो पाठवतेय, त्यांच्या घराच्या नव्या मजल्यावर काढलेला. बघ कशी राणीसारखी उभी आहे. तिचं हे सगळं टिकावं एवढंच मागतेय मी.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पत्रात ‘आपण’ किती वेळा आला ते मोजायला बसले होते, मग कंटाळले. आपण असं करत नाही, आपण समंजस, आपल्यात चालत नाही. हे ‘आपण’ आहेत तरी कोण? आईला कुशीवर वळवायला कधी आले नव्हते ते. लहानपणापासून तू मला कधी ‘मला आवडत नाही’ असं म्हणाली नाहीस. नेहमी ‘आपल्याला आवडत नाही’. तुझ्या पोटात दुखलं तरी तू म्हणशील, आपल्या घराण्यात पोट दुखतं.

पण ऐकते. तुझ्या विहीणबाईंसाठी नव्हे, त्या माणसांची मला काडीची पर्वा नाही. पोरीसाठी ऐकते. बावीस मार्चपर्यंत थांबतो आम्ही. काटेवाल्याला सांगितलं तर म्हणाला, “इतकी वर्षं एकटा काढली, त्यात दोन महिने काय जड आहेत?” तुझ्या ‘लोकां’पैकी एकाला तरी असं बोलता येईल का, विचार त्यांना.

फोटो पाहिला. नवा मजला दिसला. पोरगीही दिसली, ओठ घट्ट मिटून उभी. आपली भिंगरी, जिचं तोंड कधी बंद होत नव्हतं, खी खी करत अंगणभर फिरायची म्हणून जिला हे नाव पडलं, ती आता मोठ्या घरची झाली. फोटोतसुद्धा फुकट हसत नाही. गेल्या वर्षी तिने मला लिहिलं होतं, मावशी, आठ दिवस येऊ का? मी लिहिलं, तुमच्या चार मजली थाटापुढे माझी दहा बाय बाराची खोली कशी मानवणार राणीसाहेब. त्यावर पुन्हा पत्र नाही. झोंबलं असेल. झोंबू दे, आईचं पाणी आहे, नाक आधी दिसतं.

बारकी

१८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तू थांबलीस, फार बरं वाटलं. मनाने तू मोठी आहेस, हे मी तुझ्या भावजींनाही म्हटलं. निरीक्षकसाहेबांना माझा नमस्कार सांग. एकदा भेटायला हवं त्यांना.

सोबत एक पार्सल आहे, जपून उघड. आमच्या शेजारी एक बाई राहतात, साठीच्या आहेत. त्यांचे वरचे पुढचे दोन दात पडले. इथला डेंटिस्ट बोलघेवडा आहे, सगळ्या गल्लीला सांगत सुटतो, म्हणून त्यांनी परगावच्या डेंटिस्टकडून ठसा घेऊन त्याचा हा प्लास्टरचा साचा करून आणला, वरचा आणि खालचा. मी म्हटलं, माझी बहीण ह्यातली हुशार आहे, ती दोन दात असे करून देईल की कुणाला शंका येणार नाही. त्यांच्या घरी कार्य आहे, तेव्हा वीस मार्चच्या आत पोचायला हवेत. रंग पांढराशुभ्र ठेव, पिवळट नको. आणि हे कुणाला बोलू नकोस, बाई फार लाजाळू आहेत.

तब्येत सांभाळ. धुळीत बसतेस, नाकाला फडकं बांधत जा.

तुझी
ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पत्रात पहिल्यांदाच ‘प्रिय’ आलं, ‘निरीक्षकसाहेब’ आलं, माझ्या नाकाची काळजी आली. तेव्हाच मी मनात म्हटलं, काहीतरी जळतंय. मग पार्सल उघडलं.

ताई, तू मूर्ख आहेस का गं? तू इतरांना फसवतेस तशी मला फसवायला गेलीस, तेही दातांत? लोक अक्षर ओळखतात, तशी मी तोंडं ओळखते. साठीच्या बाईच्या दातांच्या कडा झिजून सपाट होतात. ह्या कडांना अजून करवतीसारखे दाते आहेत. साठीच्या बाईची हिरडी मागे सरते, दात लांबट दिसतात. ही हिरडी भरलेली आहे. अक्कलदाढ अर्धीच वर आली आहे. तुझ्या शेजारच्या बाईंना साठाव्या वर्षी अक्कलदाढ येतेय का? येत असेल तर तुला थोडी उसनी द्यायला सांग त्यांना.

आणि डावा सुळा. आडवा वळलेला, शेजारच्या दातावर खांदा टाकून उभा. हा सुळा आईला होता, मला आहे, तुलाही होता, तू लग्नाआधी काढून टाकलास कारण बघायला येणाऱ्यांना तो आवडणार नव्हता. तेव्हा ‘आपण’ काढला होता, नाही का? जगात हा सुळा आणखी एकाच तोंडात आहे.

माझ्या हातात भिंगरीचं तोंड आहे, ताई. वरचे दोन दात नाहीत, तिसऱ्याचा टवका उडालाय, खालच्या एकाला तडा आहे. दात म्हातारपणाने पडले की जागा गुळगुळीत होते, इथे अजून खड्डे आहेत, म्हणजे ठसा घेतला तेव्हा महिनासुद्धा झालेला नव्हता. फोटो काढला तेव्हा हेच झालेलं होतं ना? ती ओठ मिटून उभी होती आणि मी तिला नाकवाली म्हटलं.

काल दिवसभर मी काम केलं नाही. प्लास्टर मला तोंड कुणाचं ते सांगतं. हे कुणी केलं, ते तू सांग.

बारकी

२ मार्च

बारके,

ती पडली.

बरं, पडली नाही. तुझ्यापुढे लपवण्यात अर्थ नाही, तू नाक खुपसल्याशिवाय राहणार नाहीस. जावयांचा हात जरा सैल आहे. माणूस वाईट नाही, कामाचा ताण असतो, बोलाचाली झाली, त्यांनी ढकललं आणि ओट्याच्या कडेवर तोंड आपटलं. मागाहून त्यांना फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवले नाहीत, स्वतः विहीणबाईंनी मला सांगितलं. ठसा घ्यायला गाडीसुद्धा त्यांनीच दिली.

आता तू आकाशपाताळ एक करशील. करू नकोस. कुणाच्या घरात नसतं? तुला संसार ठाऊक नाही म्हणून तुला हे भयंकर वाटतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाच्या नावाने? पोरीला काढून आणली तर उद्या सगळे विचारतील, का आणली. तिच्या बापाने आयुष्यभर लोकांच्या पोरांना शिस्त लावली, शहरात त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. त्यांना काय वाटेल? त्यांना अर्धंच माहीत आहे, आणि त्यांनी उरलेलं विचारलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बावीसला मुलाकडची माणसं येतील, तेव्हा सून म्हणून ती पुढे वावरणार. त्यांना तोंडात भोक दिसायला नको. तू दात करून दे, बाकी शहाणपणा नको.

ताई

७ मार्च

ताई,

पत्र वाचलं. दोन दिवस जेवला नाही! अरे वा रे वा. इकडे जिचे दात गेले ती किती दिवस जेवली नसेल, ते विहीणबाईंनी मोजलं का?

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतेस. चूक. दात पोरीचे, ओठ पोरीचे. हात त्याचा. ह्यात ‘आपलं’ काहीही नाही, आणि तू जे झाकतेयस ती मूठ आहे हे तू स्वतःच लिहून गेलीस, मठ्ठ बाई. आणि मी कशासाठी थांबले होते? पोरीचा संसार नासू नये म्हणून. माझं लग्न मी असल्या संसारासाठी पुढे ढकललं, याची मला शिसारी येतेय.

दात करते. पण पोस्टाने पाठवता येणार नाहीत. माप पार्सलमधून येतं, तोंड येत नाही. मेणाचे दात आधी तोंडात बसवून बघावे लागतात, ओठ कसा पडतो, बोलताना काय होतं ते पाहावं लागतं, मग पक्के करायचे. न बघता केले तर बावीसला बोलता बोलता मुलाकडच्यांच्या चहाच्या कपात पडतील. मग तुझी मूठ किती लाखांची उरते ते बघ. पोरीला इकडे पाठव. चार दिवस लागतील. काय कारण सांगायचं ते तू सांग, त्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

बारकी

२७ मार्च

बारके,

चार दिवस म्हणाली होतीस. आज सोळावा दिवस आहे. पोरगी नाही, दात नाहीत, पत्राला उत्तर नाही. मला तू फसवलंस.

बावीसला काय झालं ते तुला कळायलाच हवं. मुलाकडची माणसं आली, सून कुठे आहे म्हणाली. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, माझ्या बहिणीचं लग्न आहे, तिला दुसरं कुणी नाही, म्हणून भाचीला मदतीला बोलावलंय. हो, तेच सांगितलं. काय करणार? इतक्या माणसांना पटेल असं दुसरं कारण मला त्या घटकेला सुचलं नाही. आणि गंमत बघ, कुणाला काही वाटलं नाही. मुलाची आई म्हणाली, चांगलं केलं हो, उतारवयात सोबत हवीच. विहीणबाईंनी पण मान डोलावली.

तेव्हा आता तुला लग्न करावंच लागेल. टाळाटाळ चालणार नाही. दहा एप्रिलला कर. चार माणसं बोलाव, पत्रिका छाप, नीट फोटो काढून घे आणि मला पाठव, म्हणजे दाखवता येतील. फोटोत पोरगी पुढे उभी हवी, दात बसवून, हसताना. अकराला जावई तिला न्यायला येतील. त्यांनी तसं कबूल केलंय, आवाजही चढवला नाही. एवढ्यावर सगळं मिटतंय, आता तू मोडता घालू नकोस.

ताई

५ एप्रिल

ताई,

तू धन्य आहेस. जानेवारीत माझ्या लग्नाने तुमची अब्रू जात होती, मार्चमध्ये त्याच लग्नाने ती झाकायची आहे. माझ्या लग्नाचं तू फडकं केलंस, भांडं दिसेल तसं पुसायचं. आणि ज्या लोकांना तू जन्मभर भ्यालीस ते ऐकून काय म्हणाले? चांगलं केलं हो. एवढीच होती ती तुझी भुतं.

लग्न झालं. तीस मार्चला, नोंदणी कचेरीत, बारा मिनिटांत. पत्रिका नाही, फोटो नाहीत. साक्षीदार दोघं, आमचे डॉक्टर आणि तुझी लेक. तेव्हा ‘मावशीच्या लग्नाला गेलीय’ हे आता चालणार नाही. दुसरं शोध, नाहीतर खरं सांगून बघ.

पोरीबद्दल लिहिते. पहिले आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून झोपली. कप आपटला तरी दचकायची. नवव्या दिवशी तिने पिशवीतून एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. तुझी पत्रं. पहिलं लग्नानंतर चौथ्या महिन्यातलं. म्हणजे चौथ्या महिन्यात तिने तुला लिहिलं होतं, मला घेऊन जा. तू काय उत्तर दिलंस ते मी तिच्यासमोर मोठ्याने वाचलं. ‘आपण परत येत नाही. मावशीसारखं दहा बाय बाराच्या खोलीत एकटीने मरायचंय का?’ दर पत्रात मावशी. लहान पोराला बागुलबुवा दाखवतात तशी तू तिला मला दाखवत होतीस. ताई, मी तुझ्या उपयोगी पडत होते तर एवढं!

तुला खूप शिव्या देणार होते. दोन कागद भरून लिहिल्या, मग फाडल्या. कारण पुडक्यात तळाशी माझंही एक पत्र होतं. राणीसाहेब, माझी खोली तुम्हाला कशी मानवणार. तिने तुझ्या नाकावर टिच्चून माझं दार ठोठावलं होतं, आणि मी आतून खवचट बोलून ते लावून घेतलं. त्यानंतर अकरा महिने ती तिथे राहिली. दात त्या अकरा महिन्यांत गेले. तू भित्री होतीस. मला कुणाचीच भीती नव्हती, मला फक्त सगळ्यांची कीव करायची खोड लागली होती, आणि त्या खोडीत मी पोरगी ओळखली नाही. हे मला आता जन्मभर चावणार आहे. तुला सांगते कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

दात केले. बसवले आणि काटेवाल्याने तिच्या हातात पेपर दिला. पहिल्याच ओळीत शिट्टी वाजली. तो म्हणाला, “‘सासूबाई’ म्हणून बघ.” तिने म्हटलं, दोनदा शिट्टी वाजली, आणि पोरगी हसली, ताई. हात तोंडापुढे न धरता.

ती परत जाणार नाही. हे मी ठरवलेलं नाही, तिने ठरवलंय, आणि तसं तिने स्वतः तुझ्या जावयाला जुन्या खोलीवरूनच लिहून कळवलंय. माझी जुनी खोली सोडली, दवाखान्यातली नोकरीही सोडली. काटेवाल्याच्या बहिणीचं एक रिकामं घर दुसऱ्या गावी आहे, तिथे आलो आहोत तिघं. मागच्या खोलीत मी टेबल मांडलंय. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. तो फक्त तुला दिलाय, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. यावंसं वाटलं तर एकटी ये.

बारकी

१९ एप्रिल

बारके,

अकरा तारखेला जावई तुझ्या जुन्या खोलीवर जाऊन आले. कुलूप बघून तिथून थेट आमच्याकडे आले, विहीणबाईंना घेऊन. दिवाणखाना भरलेला होता. तुझे भावजी, त्यांचे चार पेन्शनर, कोपऱ्यात फोन. जावई म्हणाले, पत्ता द्या. तुझे भावजी म्हणाले, द्यायलाच हवा, आपण काय लपवाछपवी करणारी माणसं आहोत का, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हिच्याकडे आहे, परवाच पत्र आलंय.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू विचारायचीस ना, कोण लोक? हेच, सात माणसं. एकाच्या बनियनला भोक होतं. इतकी वर्षं मी ह्यांना भीत होते, ह्याची मला तिथे उभ्या उभ्या इतकी किळस आली की सांगता येत नाही.

मी म्हटलं, पत्र चुलीत गेलं. पत्ता पाठ नाही.

मी खोटं बोलतेय हे सगळ्यांना कळलं. मी काही ते लपवलंही नाही. ह्या घराच्या नावासाठी मी तीस वर्षं खोटं बोलले, तेव्हा एकालाही शंका आली नाही, उलट सुगृहिणी म्हणायचे. परवा पहिल्यांदा माझ्या लेकीसाठी बोलले तर जावई अंगावर धावून आले, आणि चार पेन्शनरांपैकी तिघं चपला शोधायला लागले. तुझे भावजी बसून राहिले. नंतर मला म्हणाले, तू माझं नाक कापलंस. मी म्हटलं, पोरीचे दात गेले तेव्हा तुमचं नाक कुठे होतं? आठ दिवस झाले, आमचं बोलणं नाही. जेवण वाढते, ते जेवतात.

भिंगरीला सांग, तिची ती सगळी पत्रं मला आली होती, आणि मी वाचली होती. वाचलीच नव्हती असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला यायचंय तुमच्याकडे. पण मी स्टँडवर गेले तर माझ्यामागे कुणीतरी येईल, म्हणून मी येणार नाही.

हे पत्र मी बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडले ती पोस्टाच्या ओट्यावर उभी राहून लिहितेय. ह्याला उत्तर पाठवू नकोस. आता टपाल तुझे भावजी दारात उभे राहून स्वतःच्या हाताने घेतात, आणि तू पाकिटामागे पत्ता लिहितेस. शिक्का बघूनसुद्धा त्यांना गाव कळेल. पोरीलाही लिहू देऊ नकोस, ती रडली तरी. मी पण आता लिहिणार नाही.

ताई